नाण्यांची हातचलाखी शिकायची आहे, पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

रोखपाल | ६ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. दिवसभर हातात नाणीच असतात. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका माणसाने माझ्यासमोर पाच रुपयांचं नाणं डाव्या मुठीत घेतलं, मुठीवर फुंकर घातली, मूठ उघडली तर नाणं नाही. मी हातभर अंतरावर उभा होतो. रोज एवढी नाणी मोजणाऱ्या माझ्या डोळ्यांदेखत एक नाणं गेलं आणि कुठे गेलं ते कळलं नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

शिकायचं ठरवलंय. पत्ते नकोत, पेटारे-नळकांडी नकोत, फक्त नाणी. मोठा कार्यक्रम वगैरे करायचा नाही. ऑनलाइन एक ‘जादूचा संच’ मागवला होता. त्यात प्लास्टिकची नाणी, एक दुहेरी तळाचा डबा आणि चार ओळींचा कागद निघाला. तो डबा नीट वापरला तरी त्यात हात काही शिकत नाही, शिकतो तो डबाच.

म्हणून पुस्तक हवंय. इंग्रजी वाचतो, फार जड नको. मराठीत केवळ नाण्यांवर काही असेल तर उत्तमच. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या मूळ घरी सगळी भावकी जमते. तोवर एक तरी गोष्ट नीट जमावी अशी इच्छा आहे.

मांडवीतीर | ६ जुलै, रात्री ११:२५

रोखपाल, स्वागत. पंचवीस वर्षं हा छंद करतोय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

नाण्यांसाठी एकच पुस्तक घ्यायचं तर जे. बी. बोबो यांचं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’. १९५२ साली आलं आणि आजही नवशिक्याला पहिलं नाव तेच सांगतात. ‘डोव्हर’ प्रकाशनाची कागदी बांधणीची आवृत्ती स्वस्तात मिळते. तिच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की आत ११६ चाली आणि २३६ प्रयोग आहेत. १९६६ मध्ये बोबोंनी वाढवलेली आवृत्ती काढली, पण डोव्हरची प्रत मूळ १९५२ च्या मजकुराची आहे. सुरुवातीला तेवढं भरपूर झालं, महागड्या वाढीव आवृत्तीमागे लागू नका.

आता या पुस्तकाची खरी अडचण सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही आणि लोक दुसऱ्या महिन्यात पुस्तक कपाटात टाकतात. हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं नाही. तो कोश आहे. पहिल्या प्रकरणात नाणं हातात लपवून धरायच्या पकडी एकामागून एक दिल्यात. नवा माणूस त्या क्रमाने शिकत जातो. पहिलीच पकड तळहाताच्या मधोमध नाणं धरण्याची, म्हणजे क्लासिक पाम. ती यायला काही महिने जातात. माणूस तिथेच अडकतो आणि ‘माझे हात या कामाचे नाहीत’ असं ठरवून मोकळा होतो.

मी तुमच्या जागी असतो तर पहिले दोन महिने एवढंच केलं असतं: फिंगर पाम (मधल्या दोन बोटांच्या मुळाशी नाणं धरणं), थंब पाम (अंगठ्याच्या बेचक्यात नाणं धरणं), नाणं एका हातातून दुसऱ्या हातात दिल्यासारखं दाखवण्याच्या दोन चाली आणि बोबोंच्याच नावाने ओळखली जाणारी एक अदलाबदल. बस्स. बाकी पानं उघडायचीसुद्धा नाहीत. ‘स्लीव्हिंग’ म्हणजे बाहीत नाणं सोडण्याचं प्रकरण तर आपल्याकडे सरळ ओलांडा. ते कोट घालणाऱ्यांसाठी लिहिलंय. गोव्यात जूनपासून मेपर्यंत अर्ध्या बाहीचा शर्ट असतो.

मराठीत केवळ नाण्यांवरचं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. जादूच्या प्रयोगांची जी मिळतात त्यांत नाण्यांना दोन-चार पानं असतात. तीही बहुधा साधनं वापरायच्या प्रयोगांची.

घुमट | ७ जुलै, सकाळी ८:०५

मी फर्मागुढीला इंजिनियरिंग करतो, दोन वर्षांपासून नाणी करतोय. मला मनापासून वाटतं की आज पुस्तकाने सुरुवात करणं म्हणजे पोहायला पुस्तकावरून शिकणं. ‘तर्जनी किंचित वाकवून अंगठ्याने नाणं मागे सरकवा’ हे वाक्य तीनदा वाचूनही कळत नाही, व्हिडिओत तीन सेकंदांत दिसतं. मी जे काही शिकलो ते सगळं फोनवर, व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावून. पैसाही लागला नाही.

मांडवीतीर | ७ जुलै, दुपारी १:५०

घुमट, पोहण्याचा दाखला योग्य आहे, पण मी दुसरं टोक पाहिलंय. व्हिडिओवरून शिकलेली चार मुलं माझ्यासमोर बसली, चौघांचा हात सारखाच हलला. तीच मान, तोच झटका, त्याच क्षणी डोळ्यांची तीच उघडझाप. ज्याचा व्हिडिओ पाहिला त्याची लकब त्यांनी चालीसकट उचलली होती. पुस्तकात लेखकाचा हात दिसत नाही, त्यामुळे आपला हात कसा हलतो हे आपल्यालाच शोधावं लागतं. वेळ लागतो, पण निघतं ते आपलं असतं.

शिवाय व्हिडिओत काय शिकायचं हे फोनवर पुढे येणारी यादी ठरवते. आज हवेत नाणी उडवायचा, उद्या बोटांवर फिरवायचा. पुस्तकात पान ४० ला पान १२ लागतं. ती पायरी कुणीतरी विचार करून घातलेली असते.

अडलं तर व्हिडिओ जरूर बघावा. मीही बघतो. पण आधी वाचावं, हातात नाणं घेऊन स्वतः धडपडावं आणि मग बघावं, या क्रमाने.

आबोली | ७ जुलै, रात्री ९:१५

मी पेडणे तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात अधूनमधून नाण्याचे प्रयोग करते. चौथीची मुलं पहिल्या तासाला जागी करायला याच्यासारखं काही नाही.

बोबोंबद्दल मांडवीतीर दादांचं म्हणणं पटतं, पण मी पहिलं पुस्तक म्हणून दुसरं सुचवेन: मार्क विल्सन यांचा ‘कंप्लीट कोर्स इन मॅजिक’, १९७५ चा. त्यात पत्ते, दोरी, रुमाल सगळं आहे आणि नाण्यांचा स्वतंत्र भाग आहे. प्रत्येक पायरीला चित्र आहे. बोबोंच्या पुस्तकात चित्रं चांगली आहेत, पण एका चालीला एक-दोनच. विल्सनमध्ये हात कुठून कुठे गेला हे चित्रांच्या ओळीत दिसतं. माझं इंग्रजी मराठी माध्यमातलं. मला ते चित्रांवरून समजलं, शब्द नंतर वाचले.

त्यातला नाण्यांचा भाग छोटा आहे हे खरं. पण तेवढा पुरा केला की बोबोंची पानं उघडल्यावर भीती वाटत नाही. आणि रोखपाल भाऊ, नाणंच करायचं हा हट्ट थोडा बाजूला ठेवून रुमालाचा एखादा प्रयोगही शिका. रुमाल हातात असला की हात कुठे ठेवायचा हा प्रश्न सुटतो.

रोखपाल | १९ जुलै, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. बोबो मागवलं, आठवड्यात आलं. आबोलीताई, विल्सनही यादीत आहे, पगार झाल्यावर.

मांडवीतीर दादांनी सांगितल्याप्रमाणे फिंगर पामपासून सुरू केलं. पण राहवलं नाही म्हणून क्लासिक पामही करून बघितला. पाच रुपयांचं नाणं घेतलं, कारण कामावर हाताशी तेच असतं. नाणं थांबतच नाही. अंगठा आत आवळावा तर हात मेलेल्या कोंबडीच्या पायासारखा दिसतो, सैल सोडावा तर नाणं फरशीवर. आई म्हणते रात्रभर घरात चिल्लर पडल्याचा आवाज येतो. एक रुपयाचं तर फिंगर पाममध्येही बोटांच्या फटीतून घसरतं. दहा दिवस झाले, रोज पाऊण तास. पुस्तकातल्या चित्रात नाणं हातात एवढं भरलेलं दिसतं, माझ्या हातात ते हरवतं. माझे हात मोठे आहेत हे कारण असेल का? की पुस्तकात काही राहून गेलंय?

बार्देसकर | २० जुलै, सकाळी ७:३०

रोखपाल, पुस्तकात काही राहिलेलं नाही, तुमच्या हातातही दोष नाही. नाणं चुकलंय.

मी जादू करत नाही. नाणी जमवतो, गोव्यातली विशेषकरून. त्यामुळे या धाग्यात आजवर गप्प होतो. पण हा प्रश्न माझा आहे.

अमेरिकन माणसाने अमेरिकेसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. त्यातलं नाणं म्हणजे अर्धा डॉलर. व्यास ३०.६ मिलिमीटर. आजच्या अर्ध्या डॉलरचं वजन ११.३४ ग्रॅम, पुस्तक लिहिलं तेव्हाच्या चांदीच्याचं साडेबारा ग्रॅम. आता आपली चिल्लर काढा. २०११ पासूनचं एक रुपयाचं नाणं २२ मिमी आणि चार ग्रॅमपेक्षाही कमी. दोन रुपये २५ मिमी. पाच रुपये २३ मिमी, वजन सहा ग्रॅम. म्हणजे तुम्ही चित्रातल्या नाण्याच्या निम्म्या वजनाचं आणि साडेसात मिलिमीटरने लहान नाणं धरून बसला आहात. क्लासिक पाम अंगठ्याच्या गादीने आणि समोरच्या गादीने कडेवर दाबून होतो. गाद्यांमधलं अंतर नाण्याला मिळालंच नाही तर ते धरणार कसं?

चलनातलं त्यातल्या त्यात बरं म्हणजे दहा रुपये किंवा वीस रुपये. दोन्ही २७ मिमी. दहाचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, वीसचं साडेआठ. वीसचं बारा कोनांचं आहे आणि कडेला दाते नाहीत. दहाचं गोल आहे. तुम्ही कॅशवर बसता, एकसारख्या छापाची चार दहाची नाणी निवडून घ्या. दहाचे छाप अनेक आहेत, वेगवेगळे घेतलेत तर प्रेक्षकाला फरक दिसतो. तुमच्या कामात हे सोपं आहे.

याहून मोठं हवं तर १९७५ ते १९८२ मधलं जुनं तांबं-निकेलचं रुपयाचं नाणं शोधा, २८ मिमी आणि आठ ग्रॅम. कुणाच्या तरी घरी डब्यात सापडतं.

आणि आता मूळ मुद्दा. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया, आपण ज्याला राणीछाप म्हणतो, तो एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि व्यास साडेतीस मिमीच्या आसपास. आता वर अर्ध्या डॉलरचे आकडे पुन्हा वाचा. पुस्तकातलं नाणं तुमच्या आजीच्या पेटीत आहे! गोव्यात तर दुप्पट शक्यता. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर इथली ‘रुपी’ ब्रिटिश रुपयाच्याच तोलाची झाली. १८८१-८२ च्या, पोर्तुगालचा राजा लुईश याच्या रुपीचं वजन तेच, ११.६६. सोळा टांगांची एक रुपी. १९५८ मध्ये एश्कुद आला आणि सहा एश्कुदांना एक रुपी असा हिशोब झाला, तोवर हेच चलन होतं. जुन्या घरात लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजून एखादी दिसते.

घुमट | २० जुलै, सकाळी ९:००

बार्देसकर सर, हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी व्हिडिओत बघून अमेरिकन नाणी बाहेरून मागवली होती, प्रत्येकी सातशेच्या वर पडली.

बार्देसकर | २० जुलै, दुपारी १२:२०

घुमट, गेले ते गेले, नाणी तर चांगली आहेत ना.

एक कळकळीची विनंती सगळ्यांनाच. चांगल्या अवस्थेतली जुनी रुपी सरावाला घेऊ नका. फरशीवर एकदा पडली की कडेला खळगा पडतो आणि ती कायमची गेली. सरावाला घासून गुळगुळीत झालेलं राणीछाप नाणं घ्या, ज्यावर राणीचा चेहरा जेमतेम दिसतो. संग्राहकाला त्याची किंमत नाही, ते चांदीच्या भावाने मिळतं. आजकाल चांदीचा भावही काही कमी नाही, म्हणून आधी घरात विचारा. आणि घरात विचारताना ते कशासाठी हवंय हे खरं सांगून विचारा. पूजेतलं असेल तर त्याला हात लावण्याचा अधिकार ज्याचा आहे त्याची परवानगी घ्या.

मांडवीतीर | २० जुलै, रात्री १०:००

बार्देसकर, घासलेल्या नाण्याबद्दल तुम्ही नकळत आमच्या धंद्यातली बाब सांगितलीत. एकाच हातात दोन नाणी एकमेकांना लागून वाजली तर ‘नाणी बोलली’ असं जादूगार म्हणतात. बोललेलं नाणं लपत नाही. नव्या नाण्यांच्या कडा धारदार असतात, ती खणखणीत बोलतात. घासलेली चांदी गप्प असते. जगभरचे नाणेवाले म्हणूनच झिजलेली चांदीची नाणी शोधत फिरतात.

रोखपाल, राणीछाप मिळेपर्यंत दहाची चार नाणी पुरेत. आणि पाचचं नाणं टाकून देऊ नका. बाजारात तुम्हाला दाखवलं ते पाचचंच होतं, विसरलात का? लहान नाणं फिंगर पामला चालतं, फक्त दोन बोटांऐवजी एकाच बोटाच्या मुळाशी घ्या आणि बोटं किंचित मिटलेली ठेवा. त्या माणसाने बहुधा तेच केलं असणार.

विलायतेत कुणी नातेवाईक असेल तर त्यांना दोन पौंडांची चार नाणी आणायला सांगा. २८.४ मिमी, बारा ग्रॅम. आपल्या अर्ध्या गोव्याचं कुणी ना कुणी तिकडच्या स्विंडनला आहेच.

समई | २२ जुलै, दुपारी ४:३५

मध्येच विचारते. माझा मुलगा नऊ वर्षांचा, डावखुरा. हा धागा त्याला वाचून दाखवला तर तोही मागे लागलाय. डावखुऱ्यासाठी वेगळं पुस्तक असतं का? आणि इतक्या लहान हातांना कुठलं नाणं?

आबोली | २२ जुलै, रात्री ८:५०

समईताई, वेगळं पुस्तक लागत नाही. ‘उजवा’ लिहिलंय तिथे ‘डावा’ वाचायचं. पण मुलाला ते उलटं करणं जड जातं, म्हणून पानासमोर आरसा धरून चित्र आरशात दाखवा. माझ्या वर्गातली एक मुलगी तसंच शिकली. नऊ वर्षांच्या हाताला दोन रुपयांचं नाणं बरोबर बसतं, मोठ्या माणसाला अर्धा डॉलर बसतो तसं. दोनचं नवं नाणं पोलादी आहे, त्याला लोहचुंबक चिकटतो. तेवढ्यावरही मुलं अर्धा तास रमतात.

एक मात्र करा. त्याला पहिल्याच दिवशी सांगा की ही हातचलाखी आहे, शक्ती नाही. मी वर्गात प्रत्येक प्रयोगाआधी हे सांगते आणि तरीही मुलांचा आनंद कमी होत नाही. आपल्याकडे हातातून अंगारा काढून पैसे उकळणारे कमी नाहीत. नाण्यांच्या चालींची माहिती इंग्रजीत पहिल्यांदा छापली गेली ती याच कारणासाठी. रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या माणसाने १५८४ साली चेटूक म्हणजे थोतांड आहे हे दाखवायला पुस्तक लिहिलं आणि त्यात नाणी गायब करण्याच्या युक्त्या उघड केल्या. चेटकिणी म्हणून बायकांना मारलं जात होतं, तो काळ. डॉ. दाभोलकरांची माणसं गावोगाव चमत्कारांमागचं कारण दाखवत फिरली, त्याची आठवण मला ते वाचताना झाली.

जुना खेळिया | २५ जुलै, संध्याकाळी ६:१०

मी मडगावला असतो, मूळचा सावंतवाडीचा. वय ७४. लहानपणी जादूगार रघुवीरांचा खेळ पाहिला आणि पुढची साठ वर्षं हाताला चाळा लागला. टायपिंग सावकाश होतं, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे नाण्याच्या मापावर आणि पुस्तकावर बोललात, योग्यच आहे. मी रिकाम्या हाताबद्दल बोलतो.

नाणं गायब करताना दोन हात असतात. एका हातात नाणं लपलेलं, दुसरा रिकामा पण मिटलेला. नवशिका सगळं लक्ष लपवलेल्या हातावर देतो, नाणं पडू नये म्हणून. प्रेक्षकही मग तिकडेच बघतो, कारण माणूस जिकडे बघतो तिकडे समोरचा बघतो. खरं काम रिकाम्या मुठीचं आहे. तिच्यात नाणं आहे असं तुम्हाला स्वतःला वाटलं पाहिजे. नाण्याला वजन असतं. मूठ त्या वजनाने किंचित खाली जाते, बोटं नाण्याच्या जाडीइतकी उघडी राहतात. रिकामी मूठ आवळली जाते, तिथेच चोरी पकडली जाते.

यासाठी मला एका जुन्या माणसाने शिकवलेला सराव असा: आरशासमोर बसून दहा वेळा नाणं खरोखर उजव्या हातातून डाव्या हातात द्यायचं. काही लपवायचं नाही. स्वतःला बघायचं. खांदा कसा हलतो, नजर कधी उचलते, उजवा हात नंतर कुठे जाऊन थांबतो. मग अकराव्या वेळी तेच करायचं, फक्त नाणं द्यायचं नाही. अकरावी वेळ पहिल्या दहांसारखी दिसेपर्यंत हेच. बोबोंच्या पुस्तकात चाल अचूक आहे, पण हे फार थोडं आहे. अमेरिकेतल्या डाय व्हर्नन यांनी (१८९४ ते १९९२, उभं आयुष्य याच कामात) आयुष्यभर हाच आग्रह धरला की हात नैसर्गिक दिसला पाहिजे. त्यांच्या प्रयोगांचं लुईस गॅन्सन यांनी लिहिलेलं १९५७ चं पुस्तक पुढेमागे मिळालं तर नाण्यांचा भाग जरूर वाचा. पण आत्ता नाही. दोनेक वर्षांनी.

पणजीला जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियांचा पुतळा आहे, हात पसरून उभे, समोर बाई कोसळतेय. कांदोळीचा माणूस. पॅरिसला जाऊन त्यांनी सांगितलं की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कुठलाही प्रवाह निघत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. १८१९ साली गेले. मी त्या पुतळ्याखालून जाताना दरवेळी थांबतो. नाणं गायब होतं ते तुमच्या हातातून नव्हे, बघणाऱ्याच्या मनातून. आपल्या गावच्या माणसाने हे दोनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

रोखपाल | २५ जुलै, रात्री ११:३०

काका, तुमचा मजकूर छापून आरशाच्या कडेला लावला. दहा वेळा खरं देण्याचा सराव आज केला. मला कळलं की नाणं खरोखर दिल्यावर मी उजवा हात मांडीवर ठेवतो आणि खोटं देताना तो हवेत लटकत राहतो. वीस दिवसांत हे लक्षात आलं नव्हतं.

घुमट | २६ जुलै, सकाळी ७:५०

काका, मलाही. मी आज माझाच व्हिडिओ काढून बघितला. मांडवीतीर सर म्हणाले तो मानेचा झटका माझ्यातही आहे.

रोखपाल, सरावाची एक जागा सांगतो. मी फोंडा-पणजी खाजगी बसने येतो. कंडक्टर एका हातात नाण्यांची चळत धरून त्याच हाताने नोटा मोजतो, दाराला नाणं वाजवून बस थांबवतो, आणि चळत हलत नाही. त्याचा हात बघत बसा. नाणी धरलेला हात किती निर्धास्त दिसू शकतो ते तिथे कळतं. मी आता खिशात हात घालून नाणं पाममध्ये धरून कॉलेजपर्यंत जातो. पावसात हात दमट असल्याने नाणं बरं धरतं. वर्गातल्या एसीत हात कोरडा पडला की सुटतं.

मांडवीतीर | २६ जुलै, दुपारी २:१५

हे उत्तम. नाणं पाममध्ये धरून रोजची कामं करणं, चहाचा कप उचलणं, दार उघडणं, यापेक्षा चांगला सराव नाही. फक्त पतसंस्थेत कॅशवर बसून करू नका, रोखपाल. नोकरीच्या जागी नाणं हातात राहिलं तर त्याचा अर्थ वेगळा होईल.

पुढच्या पुस्तकाचं कुणी खाजगीत विचारलं होतं, इथेच सांगतो. बोबोंनंतर डेव्हिड रॉथ. रिचर्ड कॉफमन यांनी लिहिलेलं ‘डेव्हिड रॉथ्स एक्स्पर्ट कॉइन मॅजिक’, १९८५. मोठं, महाग, आणि एका बैठकीचे सलग प्रयोग कसे बांधायचे ते त्यात कळतं. पण क्लासिक पाम आल्याशिवाय त्याला हात लावून उपयोग नाही. फुकट हवं असेल तर टी. नेल्सन डाउन्स यांचं १९०० सालचं आणि प्रोफेसर हॉफमन यांचं १८७६ चं ‘मॉडर्न मॅजिक’ ही जुनी पुस्तकं इंटरनेटवर मोकळी आहेत. भाषा जुनी आहे, पहिलं पुस्तक म्हणून नकोत. डाउन्स हवेतून नाणी काढून भांड्यात टाकायचा तो प्रयोग मूळ त्याच्याच शब्दांत वाचायची हौस असेल तर जरूर.

नाणी कापून, कोरून बनवलेली खास नाणी मिळतात, त्यांचाही मोह पहिलं वर्ष टाळा. आणि आपली चलनातली नाणी स्वतः कापायला जाऊ नका. २०११ च्या नाणे कायद्यात नाणं वितळवायला किंवा नष्ट करायला मनाई आहे.

समई | २ ऑगस्ट, रात्री ९:००

आरशाची युक्ती चालली! दोन रुपयांचं नाणं आता त्याच्या डाव्या हातात थांबतं. आबोलीताई, देव बरें करूं.

रोखपाल | चवथीनंतर, रात्री १२:०५

मंडळी, चवथ झाली, विसर्जनही झालं. सांगायला आलो.

राणीछापाचं आजीला विचारलं. बार्देसकर सरांनी सांगितलं तसं, कशाला हवंय ते खरं सांगून. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग पेटीतून रुमालात बांधलेलं एक नाणं काढलं. राणीछाप नव्हे, आपली रुपी. तिच्या आईने लग्नात दिलेली. झिजून राजाचं नाकसुद्धा दिसत नाही. ‘माज्या हातातूनच घे आनी माज्या हातातच दी’ एवढंच म्हणाली.

ती हातात घेतल्यावर पहिल्यांदा क्लासिक पाम थांबला. अडीच महिने जे होत नव्हतं ते झालं. पुस्तकातल्या चित्रात नाणं जसं हातात भरलेलं दिसतं, अगदी तसं. मी मागच्या पडवीत एकटाच उभा होतो, हात उलटा करून बघत राहिलो.

रात्री आरती झाली, आरतीची घुमट वाद्यं शांत झाली, पोरं माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताखाली, बसली होती. मी फक्त एकच प्रयोग केला. रुपी उजव्या हातातून डाव्या हातात दिली, मूठ आजीसमोर धरली, तिला फुंकर घालायला सांगितली. मूठ उघडली. पोरांचा आवाज झाला तो झालाच, पण मी आजीकडे बघत होतो. तिने माझ्या रिकाम्या तळहातावर आपलं बोट फिरवून बघितलं, जणू तिथे खळगा पडला असेल. मग माटोळीतल्या सुपारीच्या घोसाकडे हात नेऊन मी रुपी काढली आणि तिच्या हातात दिली.

चुलतभावाच्या मुलाने पुन्हा कर, पुन्हा कर म्हणून हट्ट धरला. केलं नाही. काकांचं ‘बघणाऱ्याच्या मनातून’ आठवलं.

आता अडचण अशी की रुपी एकच आहे आणि ती आजीच्या रुमालात परत गेली. चार नाणी एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रयोग पुस्तकात आहे, तो पुढच्या वर्षासाठी मनात धरलाय. दहाच्या नाण्यांवर तो बसेल का, की घासलेली राणीछाप शोधू?

बार्देसकर | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:१५

शोधू नका. माझ्याकडे घासलेली तीन आहेत, संग्रहात ठेवण्याजोगी नाहीत. म्हापशाला याल तेव्हा घेऊन जा, चांदीचा भाव द्या. वजन मी तुमच्यासमोर करून देईन.

जुना खेळिया | दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ५:४०

रोखपाल बाबा, तीन चांदीची आणि एक दहाचं असं करू नका, चौथं वेगळं बोलतं. चौथं मी देतो. मडगावला आलात की घरी या, अकरावी वेळ मला दाखवा.